उपाशी पट्ट्यावरच्या तीन ओळी

आमच्या कॉलेजच्या गोठ्यांमागे, रस्त्याला लागून, जमिनीचा एक लांबट तुकडा होता. कॉलेज सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत तो आखला गेला आणि तेव्हापासून त्याला कुणी काही खायला घातलं नव्हतं. शेण नाही, राख नाही, पोत्यातलं खत नाही. दर वसंतात मका पेरायचा, थंडी पडायच्या आत काढायचा, कणसं वजन करून आकडा वहीत लिहायचा, एवढंच. शेजारच्या पट्ट्यांपैकी कुणाला शेणखत मिळायचं, कुणाला चुना, कुणाला पोत्यातलं खत. याला काहीच नाही. शेतावरची माणसं त्याला उपाशी पट्टा म्हणत.

जमीन स्वतःच्या बळावर किती वर्षं देत राहते, हे त्यातून कळायचं. ते कळायला दुसरी रीत नाही, वाट पाहावी लागते. आणि मधे एकदा जरी खाऊ घातलं तर दिलेलं परत काढून घेता येत नाही. शंभराहून जास्त वर्षं माणसांनी तो उपास सांभाळला होता. तो माझ्या हातून मोडला.

मी तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या शाळेत शिकले. वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याची दारं उघडणारा आणि बंद करणारा माणूस. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. कृषी महाविद्यालयात माझा नंबर लागला तेव्हा वडील प्रवेशाचा कागद सायकलच्या हँडलला लावलेल्या पिशवीत घालून अख्खा कालवाभर फिरले. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि मी अमेरिकेत मक्याच्या मुलखात पीएचडीला आले. इथे आल्यावर कळलं, की आपल्याकडची कृषी विद्यापीठं ज्या नमुन्यावर बांधली गेली तो नमुना इथल्याच लँड-ग्रँट कॉलेजांचा. शिकवायचं, प्रयोग करायचे आणि ते शेतकऱ्यापर्यंत न्यायचे, सगळं एकाच छपराखाली. ज्या विहिरीचं पाणी पिऊन मी मोठी झाले तिचा झरा इथला निघाला. खाल्ल्या मिठाला जागायचं हे घरी शिकवलं होतं. त्यामुळे शेतावर जे काम सांगतील ते मी दोन्ही हातांनी करायची.

पहिल्या हिवाळ्यात मला एक काम मिळालं. कॉलेजचा वर्धापन समारंभ जवळ आला होता आणि जुन्या वह्या टाइप करून सुरुवातीच्या काळाची एक छोटी पुस्तिका तयार करायची होती. शेताच्या ऑफिसात हीटरजवळ एक टेबल होतं. बाहेर बर्फ, आत त्या चामडी पाठीच्या वह्या.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हा सरकारनं कायदा केला. राज्यांना जमीन द्यायची, ती विकून कॉलेजं काढायची आणि तिथे शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मुलांना शिकवायचं. मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. युद्धाच्या धामधुमीत कुणीतरी माझ्यासारख्यांचा विचार केला होता असं मला वाटलं. ती जमीन सरकारकडे आली कुठून, हे मी पुढच्या आठवड्यात वाचलं. तिथे आधीपासून राहणाऱ्या जमातींना करार करून, धमकावून, पळवून लावून ती मोकळी केली होती. कॉलेजच्या वह्यांत पहिल्या गाईंची नावं आहेत. त्या माणसांची नाहीत. माझी कृतज्ञता त्यानं गेली नाही, पण घास घशात अडकावा तशी ती अडकून राहिली ती आजपर्यंत.

सुरुवातीची वर्षं हलाखीची होती. विटांची एकच इमारत, तिलाही पहिल्याच हिवाळ्यात भेगा पडल्या. झोपायचं, जेवायचं, शिकायचं सगळं तिच्यातच. प्रत्येक विद्यार्थ्याला दररोज काही तास शेतात राबणं सक्तीचं होतं, त्यातून कुणाचीही सुटका नव्हती. मुलांनी दगड वेचले, दलदलीत चर खणले, झाडांचे बुंधे उपटले. गावातले शिकलेले लोक त्याला गाईंचं कॉलेज म्हणून हसत आणि आजूबाजूचे शेतकरी पुस्तकातून नांगरणारे म्हणून हसत. शेती शिकवणाऱ्या पहिल्या मास्तरांकडे शिकवायला पुस्तकच नव्हतं. म्हणून त्यांनी पट्टे आखले. हेच आपलं पुस्तक, असं त्यांनी मुलांना सांगितलं असावं. उपाशी पट्टा त्यांनीच आखला. शेजारचा एक शेतकरी कुंपणाशी येऊन त्यांना रोज विचारायचा म्हणे, की जमिनीनं तुमचं काय वाईट केलंय.

एका वर्षी विहिरीचं पाणी बिघडलं आणि विषमज्वराची साथ आली. वर्ग बंद झाले. काही मुलं घरी परतलीच नाहीत. त्या शरदातल्या नोंदीचं अक्षर वेगळं आहे, थरथरतं. पण मक्याचं वजन लिहिलेलं आहे.

“हा मका कुणी काढला?” मी विचारलं.

“लिहिलेलं नाही,” शेतप्रमुख म्हणाले. “कुणीतरी काढला, एवढं खरं.”

शेतप्रमुखांविषयी सांगायला हवं. ते शाळा संपवून मजूर म्हणून शेतावर आले आणि तिथेच म्हातारे झाले. त्यांच्याकडे पदवी नव्हती. मी पहिल्या दिवशी त्यांना सर म्हटलं तर म्हणाले, “सर लोक तिकडे, गालिच्यावर. इथे शेण आहे.” मला मात्र ते प्रोफेसर म्हणत. “काय प्रोफेसर, आज तू जमिनीला शिकवणार की जमीन तुला?”

उपाशी पट्ट्याचे नियम त्यांनी मला एखाद्या देवघराचे सांगावेत तसे सांगितले. त्याचं खोरं आणि फावडं वेगळ्या खिळ्याला. त्यांच्या दांड्यांना पांढरा रंग, म्हणजे दुसरीकडे जाऊ नयेत. पट्ट्यात शिरण्याआधी बूट टबात धुवायचे, कारण तळव्याला चिकटलेली शेजारच्या पट्ट्याची मातीसुद्धा खाऊच. तिथे बसून सँडविच खायचं नाही. एकदा कुणा विद्यार्थ्याचा कुत्रा तिथे पाय वर करून गेला तर त्यांनी तेही वहीत नोंदवलं होतं, कोपऱ्यासकट.

“कुत्र्याची नोंद?” मला हसू आवरेना.

“त्यानं पट्ट्याला काहीतरी दिलं ना? मग लिहायला नको?”

त्या वर्षी पट्ट्याच्या जिवावर बेतलं होतं. कॉलेजला नवी प्रयोगशाळा बांधायची होती आणि रस्त्यालगतची ती जागा सगळ्यांना पसंत होती. ऑगस्टमध्ये एक कमिटी येऊन पाहणी करणार होती. शेतप्रमुख डिसेंबरात निवृत्त होणार होते. बांधकाम दुसरीकडे हलवावं म्हणून ते अर्ज करत होते, मीटिंगांना जात होते. इस्त्री केलेला एकच शर्ट, तो ऑफिसच्या दाराला टांगलेला असायचा. त्यांच्याकडे मुद्दा एकच होता, की या जमिनीचा उपास एकदाही मोडलेला नाही. अशा जागा जगात मोजक्या आहेत. उपास मोडला तर तो नुसता एक नापीक तुकडा.

मे महिन्यात पेरणी आली. हातानं ढकलायचं एका ओळीचं पेरणीयंत्र होतं. त्याला दोन डबे, पुढे बियाण्याचा आणि मागे खताचा. शेजारचे पट्टे आधी पेरायचे. मग खताचा डबा रिकामा करायचा, ब्रशनं झाडायचा, झडप लावायची आणि गोदामापुढच्या सिमेंटवर यंत्र दहा पावलं ढकलून पाहायचं. सिमेंटवर खताचा एक दाणा जरी पडला तरी पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी त्यांना अचानक मीटिंगला बोलावलं. शर्ट घालता घालता म्हणाले, “आज तू पेर. तुला येतं.”

तोवर त्यांनी उपाशी पट्टा कुणावरही सोपवला नव्हता. मला किती आनंद झाला ते काय सांगू. शेजारचे पट्टे पेरून होईतो पश्चिमेला आभाळ काळं झालं. मी डबा उलटा केला, झाडला, झडप लावली. सिमेंटवर जायला पाच मिनिटं लागली असती. मी गेले नाही. पावसाआधी सगळं पेरून झालेलं त्यांना दिसावं, एवढंच डोक्यात होतं.

बूट मात्र धुतले. ते आठवून आजही लाज वाटते.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी यंत्र वळवलं तेव्हा मातीवर करड्या रंगाचे दाणे दिसले. झडपेत खडा अडकून ती अर्धवट उघडी राहिली होती आणि आतल्या कोपऱ्यात घट्ट बसलेलं खत धक्क्यांनी सुटून गळत होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि दाणे वेचायला लागले. वरचे तेवढे हाताला लागले. बाकीचे मातीखाली गेलेले. नखांनी उकरत मी ओळीच्या मध्यापर्यंत आले असेन, तेवढ्यात पाऊस आला. मोठ्या थेंबांचा. माझ्या मुठीतले दाणेसुद्धा ओले होऊन चिकट झाले.

यंत्र साफ करून उरलेल्या ओळी मी दुसऱ्या दिवशी पेरल्या. शेतप्रमुखांनी विचारलं, “झालं नीट?” मी हो म्हटलं.

माझा तिकडच्या कृषी महाविद्यालयातला नागपूरचा एक मित्र इथेच अमेरिकेत, फ्रीमाँटला असतो. शेती सोडून तो केव्हाच सॉफ्टवेअरमध्ये गेला. मी त्याला फोन केला.

“काय बे, एवढ्या लांब जाऊन तू मका उपाशी ठेवते?” तो हसला. मग माझा आवाज ऐकून गंभीर झाला. “अगं, उगवलं की उपटून टाक ना यार. तीन ओळी. कोणाले कळते?”

मी काहीच केलं नाही. उपटलंही नाही आणि सांगितलंही नाही. खत कदाचित लागू पडणार नाही, पावसानं धुऊन गेलं असेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिले.

जूनमध्ये मका गुडघ्याला लागला. उपाशी पट्ट्यावरचा मका नेहमी पिवळसर आणि किरटा. त्यात एका कडेच्या तीन ओळी गडद हिरव्या, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच. रस्त्यावरून बस जायची, तीतूनही दिसाव्यात अशा. शेतप्रमुख रोज सकाळी तिथून जायचे. त्यांनी काही विचारलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुवारी मी ऑफिसात गेले. ते टोपी मांडीवर ठेवून कॉफी पीत होते.

“त्या तीन ओळी माझ्यामुळे झाल्या.”

“पेरायला तूच होतीस.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मक्याला लपवता येत नाही, प्रोफेसर. मला वाटलं होतं तू सोमवारी येशील.”

मी सगळं सांगितलं. डबा, सिमेंट, पाऊस. आणि मग एका दमात म्हणाले, “उपटून टाकू या. आजच. त्या ओळींची माती पण काढू, वीतभर खोल. कमिटी यायला अजून वेळ आहे.”

“आणि खड्ड्यात काय भरशील? शेजारची माती?”

“पण पट्टा जाईल ना! तुमचा…”

त्यांनी कप टेबलावर ठेवला. ते चिडलेले मी तेव्हा एकदाच पाहिले. “ती पोरं तापानं फणफणत होती. वजन अंदाजानं लिहून झोपायला गेली असती तर कुणाला कळलं असतं? सांग ना. तूच टाइप केलंयस ते पान.”

मग उठून त्यांनी वही आणली, उघडली आणि पेन माझ्यापुढे धरलं. “तू लिही.”

मी लिहिलं. कोणत्या ओळी, कोणतं खत, अंदाजे किती. खाली लिहिलं, की पाऊस येत होता म्हणून घाई झाली. त्यांनी वाचलं आणि बोट ठेवलं. “हे काढ. पाऊस सगळ्यांवरच येतो. यंत्र तपासलं नाही, एवढं लिही.”

मी ते वाक्य एका रेघेनं खोडलं आणि खाली तेवढंच लिहिलं.

त्या रविवारी मी वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आयुष्यभर त्यांनी दारं उघडली आणि लावली होती. एक दार वेळेवर लागलं नाही तर खाली काय होतं हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

“साहेब रागावले का तुला?”

“तसे नाही. पट्टा जाईल त्याबद्दल तर एक शब्द बोलले नाहीत.”

“मग अवघड आहे, बाई,” ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये कमिटी आली. पाच माणसं, ऊन म्हणून सगळ्यांना कागदी टोप्या दिलेल्या. शेतप्रमुखांनी तो शर्ट घातला होता. कुणी विचारायच्या आत त्यांनीच त्यांना तीन ओळींपाशी नेलं आणि वहीतलं पान वाचून दाखवलं. माझं नाव घेतलं नाही, नुसतं ‘आमच्याकडून’ म्हणाले.

“म्हणजे सलग नोंद तुटली?” एकानं विचारलं.

“या ओळींपुरती तुटली. हो.”

“आणि पाणी मुरतं तसं ते खत बाजूच्या ओळींतही जाणार?”

“जाणार.”

त्या माणसानं कागदावर काहीतरी लिहिलं. मी चार पावलांवर बूट धुवायचा टब घेऊन उभी होते. पाहुण्यांसाठी भरून ठेवला होता, पण पट्ट्यात कुणी शिरलंच नाही.

सप्टेंबरात पत्र आलं. जागा प्रयोगशाळेला दिली होती. माझ्या गाइड मॅडमनी मला बोलावून सांगितलं, की हे आधीच ठरलं होतं, तू स्वतःला दोष देऊ नकोस. त्यांच्याच शेजारच्या खोलीतले एक प्राध्यापक मला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, की पाचातले दोन जण शेवटपर्यंत पट्ट्याच्या बाजूनं होते, तिसरा मिळाला असता. दोघांतलं कोण खरं बोललं, मला माहीत नाही. माहीत होण्याची आता सोयही नाही. पुस्तिका छापून झाली होती. तिच्यात पट्ट्याचा फोटो आहे, त्याखाली लिहिलंय की हा उपास आजही चालू आहे. छापायला गेली तेव्हा ते खरं होतं की नव्हतं, हे वहीत पाहावं लागेल.

ऑक्टोबरात आम्ही शेवटचा मका काढला. शेतप्रमुख म्हणाले, तीन ओळी वेगळ्या काढायच्या, वेगळ्या तोलायच्या. थंड वारा होता आणि सुकलेली पानं हातांना कापत होती. उपाशी ओळींची कणसं नेहमीसारखी, करंगळीपेक्षा थोडी जाड, टोकाला दाणेच नाहीत. आणि या तीन ओळींची टोकापर्यंत भरलेली. एक कणीस त्यांनी सोललं आणि बराच वेळ हातात फिरवलं.

“एवढ्याशावर,” ते म्हणाले.

मला रडू आलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तोल. हा आकडा आपल्याकडे नव्हता.”

मी तोललं, त्यांनी लिहिलं. मग वही मिटून त्यांनी ती ग्रंथालयात द्यायच्या खोक्यात ठेवली. डिसेंबरात केक कापला गेला, कुणीतरी त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी भाषण केलं नाही. निवृत्तीनंतर ते दुसऱ्या राज्यात मुलीकडे राहायला गेले.

मी पदवी घेऊन याच कॉलेजात नोकरीला लागले. माझं टेबल त्याच नव्या इमारतीत आहे, दुसऱ्या मजल्यावर. पाया खणताना कंत्राटदारानं वरची माती वेगळी काढून ढीग घातला होता. इमारत झाल्यावर तीच माती दारापुढच्या फुलांच्या वाफ्यांत पसरली. दर पंधरवड्याला एक माळी येतो आणि डब्यातून खताचे दाणे टाकून जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी शेतप्रमुखांना फोन केला. त्यांना आता नीट ऐकू येत नाही. मुलीनं आवाज मोठा करून फोन त्यांच्या हातात दिला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, “माती कुठे नेली त्यांनी?”

“नेली नाही. इथेच आहे. दारापुढे, वाफ्यांत.”

“काय लावलंय?”

“पिटुनिया.”

“खत घालतात?”

“दर पंधरा दिवसांनी.”

पलीकडे टीव्हीवर हवामानाच्या बातम्या चालू होत्या, त्या ऐकू येत राहिल्या.

“फुलं कशी आहेत?”

मी खिडकीतून खाली पाहिलं. वाफे काठोकाठ भरले होते, माती कुठे दिसत नव्हती. “चांगली आहेत,” मी म्हणाले.

“असणारच,” ते म्हणाले, आणि फोन मुलीकडे दिला.